सिगारेटचा धूर आणि कुंडीतले रोप

द्वितीय वर्ष, कला

घरात कुंडी ठेवण्याची हौस आता बंगलेवाल्यांपुरती राहिलेली नाही. दोन खोल्यांच्या घरातही खिडकीच्या कट्ट्यावर बाटलीत खोचलेला मनीप्लँट असतो, पत्र्याच्या डब्यात पुदिना किंवा कोरफड असते. आणि त्याच घरात बहुधा एखादे माणूस सिगारेट नाहीतर विडी ओढणारे असते. मग कधीतरी पाने पिवळी पडू लागतात आणि घरात वाद सुरू होतो : हे पाणी जास्त झाल्याने झाले, ऊन न मिळाल्याने झाले, की या धुराने?

या प्रश्नाला सर्वसाधारणपणे दोन उत्तरे मिळतात. धूम्रपान करणारे सांगतात, "धुरात कार्बन डायऑक्साइड असतो आणि झाडाचे ते अन्नच आहे. उलट झाड खूश होईल!" न करणारे सांगतात, "ज्या धुराने माणूस मरतो त्याने झाड कसे जगेल?" दोन्ही उत्तरे ऐकायला पटण्यासारखी आहेत आणि दोन्ही अपुरी आहेत. मी कला शाखेची विद्यार्थिनी. परंतु या साध्या प्रश्नामागे वनस्पतिशास्त्राचा दीडशे वर्षांचा इतिहास आहे आणि तो समजायला प्रयोगशाळेत जावे लागत नाही, असे वाचता वाचता ध्यानात आले. तोच इथे मांडण्याचा प्रयत्न आहे.

धुरात असते काय?

सिगारेटच्या धुरात सात हजारांहून अधिक रासायनिक द्रव्ये असतात, असे आज शास्त्रज्ञ सांगतात. कार्बन मोनॉक्साइड, नायट्रोजनची ऑक्साइडे, अमोनिया, फॉर्माल्डिहाइड, हायड्रोजन सायनाइड, निकोटीन आणि डांबरासारखा चिकट पदार्थ ही त्यांतली काही ठळक नावे. खोलीत जो धूर साठतो, त्याचा मोठा भाग ओढणाऱ्याने सोडलेला नसतोच. दोन झुरक्यांच्या मध्ये सिगारेट बोटांत नुसती जळत असते, तेव्हा तिच्या टोकातून निघणारा धूर अधिक असतो. तो कुठल्याही गाळणीतून आलेला नसतो.

आता कार्बन डायऑक्साइडचा मुद्दा पाहू. तो वायू धुरात असतो हे खरेच. पण एका सिगारेटीत एक ग्रॅमही तंबाखू नसते. ती जळायला जेवढा वेळ लागतो, तेवढ्या वेळात ओढणारा माणूस नुसत्या श्वासोच्छ्‌वासातून त्याहून कितीतरी अधिक कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकतो. म्हणजे झाडाला अन्न देण्याचीच इच्छा असेल तर त्याच्याजवळ बसून पुस्तक वाचावे, तेवढे पुरे! "झाडाला खायला घालतो" या सबबीत अर्थ नाही.

धुरातील चिकट कणांचे काम वेगळे. पानाच्या पाठीवर हजारो सूक्ष्म छिद्रे असतात. त्यांना पर्णरंध्रे म्हणतात. झाडाचा हवेशी व्यवहार याच दारांतून चालतो. रोज धूर होणाऱ्या खोलीत भिंती आणि पडदे पिवळट होतात. तोच थर पानांवरही बसतो, त्यावर धूळ चिकटते आणि पानाला मिळणारा प्रकाश कमी होतो. घरातल्या झाडाला प्रकाश आधीच बेताचा. त्यामुळे ही हानी हळूहळू होते आणि पटकन ओळखू येत नाही. पाने ओल्या फडक्याने पुसली तर ती बरीचशी टळते.

पण धुरातला जो वायू झाडाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा, त्याचे नाव वरच्या यादीत मी मुद्दाम घेतलेले नाही. तो वायू म्हणजे इथिलीन. त्याचा शोध कसा लागला ही गोष्ट मोठी रंजक आहे.

रस्त्यावरचे दिवे आणि आडवे वाढणारे वाटाणे

एकोणिसाव्या शतकात युरोपातील शहरांचे रस्ते कोळशापासून काढलेल्या गॅसच्या दिव्यांनी उजळत. हा गॅस जमिनीखालच्या नळांतून खेळवलेला असे. नळ गळू लागला की जवळच्या झाडांची पाने अवेळी गळून पडत. जर्मनीत १८६४ साली याची नोंद झाली होती. पण गॅसमधले नेमके कोणते द्रव्य हे करते, ते कोणालाच ठाऊक नव्हते.

रशियातील सेंट पीटर्सबर्ग येथे दिमित्री नेल्युबोव्ह नावाचा विद्यार्थी अंधारात वाटाण्याची रोपे वाढवीत होता. प्रयोगशाळेच्या हवेत ही रोपे विचित्र वाढत. खोड आखूड राही, जाड होई आणि वर जाण्याऐवजी आडवे जाई. तीच रोपे बाहेरच्या स्वच्छ हवेत ठेवली की सरळ वाढत. प्रयोगशाळेत गॅसचे दिवे होते. त्या गॅसमधील एकेक घटक तपासून त्याने १९०१ साली दाखवून दिले की हा प्रताप इथिलीनचा आहे.

पुढे अमेरिकेत शिकागो येथे कार्नेशनची फुले पिकविणाऱ्यांची तक्रार आली, की काचघरातील उमललेली फुले मिटून जातात आणि कळ्या उमलतच नाहीत. क्रॉकर आणि नाइट या दोन शास्त्रज्ञांनी १९०८ साली त्याचा छडा लावला. हवेच्या वीस लाख भागांत इथिलीनचा अवघा एक भाग असला, तरी बारा तासांत उमललेले फूल मिटते, असे त्यांना आढळले. एवढ्या अल्प प्रमाणात असलेला वायू माणसाच्या नाकाला कळतही नाही. फुलाला मात्र तो कळतो.

इथिलीन झाडाला इतका का जाणवतो, याचे उत्तर १९३४ साली मिळाले. इंग्लंडमध्ये रिचर्ड गेन यांनी सिद्ध केले की पिकणारे सफरचंद स्वतःच इथिलीन तयार करते. म्हणजे हा वायू झाडाला परका नाही. तो त्याच्या शरीरात तयार होणारे एक संप्रेरक आहे. फळ पिकव, पान गळू दे, फूल मिटव, असे निरोप झाड याच वायूच्या द्वारे आपल्या अवयवांना देत असते. बाहेरून आलेले इथिलीन हा जणू खोट्या सहीचा हुकूम असतो. पानाची वेळ भरलेली नसते, पण हुकूम आला म्हणून ते देठापासून सुटते.

आपल्याकडे हे शास्त्र कोणी पुस्तकातून शिकवले नसले तरी त्याचा उपयोग मात्र पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. कैऱ्या गवतात झाकून आढी घालतात, तेव्हा फळांतून निघणारा वायू आढीतच कोंडला जातो आणि एका आंब्यामागे दुसरा पिकत जातो. केळीचे घड बंद कोठीत ठेवून धूर देण्याची रीतही जुनीच. धुरात इथिलीन असते म्हणूनच ती केळी पिकतात. फिलिपीन्समध्ये आंब्याला मोहोर यावा म्हणून झाडाखाली धुमी पेटवीत आणि अझोर बेटांवर काचघरात धूर केल्याने अननस एकदम फुलावर येतो, असे शेतकऱ्यांच्या लक्षात आले होते. धूर झाडाला काहीतरी सांगतो, हे शेतकऱ्याला शास्त्रज्ञाच्या आधीपासून माहीत होते.

मोलिश यांचे प्रयोग

प्रत्यक्ष तंबाखूच्या धुराचा झाडांवर काय परिणाम होतो, हा प्रश्न पद्धतशीरपणे हाती घेतला तो व्हिएन्ना येथील हान्स मोलिश या वनस्पतिशास्त्रज्ञांनी. त्यांचे संशोधन १९११ साली प्रसिद्ध झाले. आपल्या दृष्टीने आणखी एक विशेष असा की हेच मोलिश पुढे १९२८-२९ मध्ये कलकत्त्याला जगदीशचंद्र बोस यांच्या संस्थेत येऊन राहिले होते.

मोलिश यांनी काचेच्या हंडीखाली कोवळी रोपे ठेवून आत तंबाखूचा थोडा धूर सोडला. वाटाण्यासारख्या रोपांची वाढ खुंटली. त्यांची खोडे आखूड व जाड झाली. काही झाडांची पाने एक-दोन दिवसांत गळून पडली. काही झाडांवर मात्र म्हणण्यासारखा परिणाम दिसला नाही. हे निकोटीनचे काम असावे, असे कुणालाही वाटेल. पण कागदाचा, लाकडाचा, गवताचा धूर सोडला तरी परिणाम तसाच दिसला. कागदात निकोटीन कुठले? म्हणजे दोष तंबाखूच्या विषाचा नव्हता, धुराचाच होता. १९१३ साली नाइट आणि क्रॉकर यांनी धुराचा पुन्हा अभ्यास केला आणि त्यातील झाडांना बाधणारे मुख्य द्रव्य इथिलीन असल्याचा निष्कर्ष काढला. नेल्युबोव्हचे वाटाणे आणि मोलिशचे वाटाणे एकाच कारणाने वाकडे झाले होते.

ज्यांना हे पडताळून पाहायचे असेल, त्यांनी सिगारेट पेटविण्याची मुळीच गरज नाही. दोन सारख्या मोठ्या बरण्या घ्याव्यात. दोन्हींत ओल्या कापसावर भिजवलेले वाटाणे ठेवावेत. एकीत एक पिकलेले केळे ठेवावे, दुसरीत ठेवू नये. दोन्ही झाकून अंधाऱ्या कपाटात ठेवाव्यात व काही दिवसांनी कोंबांची तुलना करावी. केळ्यातून निघणारे इथिलीन आपले काम करील. शास्त्र शाखेच्या मित्रांची मदत घेऊन हा प्रयोग वसतिगृहाच्या खोलीतही करता येईल.

बरणी वेगळी, खोली वेगळी

मग सिगारेट ओढणाऱ्यांच्या घरातले मनीप्लँट वर्षानुवर्षे हिरवेगार कसे राहतात? ही शंका रास्त आहे आणि तिचे उत्तर साध्या अंकगणितात आहे.

दहा फूट लांब, दहा फूट रुंद आणि दहा फूट उंच खोलीत एक हजार घनफूट हवा असते. म्हणजे सुमारे २८,००० लिटर. पाच लिटरच्या बरणीत जेवढा धूर सोडला, तेवढाच या खोलीत सोडला तर तो साडेपाच हजार पटींहून अधिक विरळ होतो. शिवाय खिडकी उघडी असेल तर हवा सतत बदलत असते. तेव्हा पाहुण्याने एखादी सिगारेट ओढली म्हणून झाड मरते, असे मानण्याचे कारण नाही.

तीन गोष्टींनी हे गणित बदलते. पहिली, खोली बंद असणे. थंडीत किंवा वातानुकूलित खोलीत दारे-खिडक्या लावलेल्या असतात आणि धूर साठत जातो. दुसरी, रोजचा क्रम. एक दिवसाचा धूर निघून जातो, पण पानांवरचा थर वाढत राहतो. तिसरी, झाडाची जात व वय. मनीप्लँट, कोरफड, सर्पपर्णी ही चिवट मंडळी. ती दुर्लक्ष, कमी पाणी, धूळ सगळे सोसतात. याउलट ऑर्किड, कार्नेशन, गुलाब यांची फुले इथिलीनला फार लवकर बळी पडतात आणि टोमॅटोच्या रोपाची पाने त्याने खाली झुकतात. नुकतीच उगवलेली रोपे तर सर्वांतच नाजूक.

आणखी एक गंमत सांगण्यासारखी आहे. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमधील माळी काचघरातील मावा मारण्यासाठी मुद्दाम तंबाखूचा धूर करीत. आपल्याकडेही तंबाखूच्या पाण्याची फवारणी शेतकऱ्यांना परिचित आहे. तंबाखूचे झाड निकोटीन आपल्या मुळांत तयार करते आणि पानांत साठवते, ते किडीपासून रक्षण व्हावे म्हणून. निकोटीन मज्जासंस्थेवर आघात करते. किड्याला मज्जासंस्था असते, माणसाला असते, झाडाला नसते. म्हणून त्याच धुरात मावा मरतो आणि झाड टिकते. जो धूर झाडाला सोसतो तो माणसालाही सोसेल, असे म्हणता येत नाही ते याच कारणाने.

कुंडी म्हणजे राखदाणी नव्हे

धुरापेक्षा अधिक हानी होते ती थोटकामुळे. ओढून झाल्यावर सिगारेट जवळच्या कुंडीत खुपसण्याची सवय पुष्कळांना असते. "मातीत जाईल, खत होईल," असेही म्हणतात. परंतु सिगारेटीचे गाळणी-टोक कापसाचे नसते. ते सेल्युलोज ॲसिटेट या एक प्रकारच्या प्लॅस्टिकचे असते आणि वर्षानुवर्षे कुजत नाही. इंग्लंडमधील अँग्लिया रस्किन विद्यापीठात २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मातीत थोटके मिसळून क्लोव्हर हे चाऱ्याचे पीक व एक प्रकारचे गवत पेरले होते. क्लोव्हरची उगवण २७ टक्क्यांनी व कोंबांची लांबी २८ टक्क्यांनी घटली. गवताची उगवण १० टक्क्यांनी व लांबी १३ टक्क्यांनी घटली. विशेष म्हणजे न ओढलेल्या सिगारेटच्या गाळण्याही जवळजवळ तेवढ्याच बाधक ठरल्या.

विडीला असे टोक नसते, म्हणून विडीवाल्यांनी निश्चिंत होऊ नये. आमच्या सोलापुरात घरोघरी विड्या वळल्या जातात. माझी आईही वळते. सुपात उरलेला तंबाखूचा भुगा कुंडीत टाकला तर कीड लागत नाही, असे आमच्या वस्तीत सर्रास म्हणतात आणि ते निराधार नाही. पण जर्मनीतील ब्राउनश्वाइग येथे पेपरमिंटवर म्हणजे आपल्या पुदिन्याच्या भाऊबंदावर प्रयोग झाले. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या त्या संशोधनात असे दिसले की मातीवर तंबाखू पसरली तर तिच्यातील निकोटीन पेपरमिंटच्या पानांत येते. सिगारेटच्या धुरात ठेवलेल्या रोपांतही निकोटीन सापडले. झाड दिसायला हिरवेगार, पण पानात निकोटीन! शोभेच्या झाडाचे एकवेळ चालेल. ज्या कुंडीतला पुदिना चटणीत पडतो, तिच्यात तंबाखूचा भुगा टाकू नये, हे मी आमच्या घरी सांगितले आणि इथेही सांगते.

हाताने जाणारा रोग

तंबाखूपासून झाडांना होणारा एक उपद्रव धुराने होतच नाही. त्याचे नाव तंबाखूचा मोझॅक रोग. या रोगात पानांवर फिकट व गडद हिरवे ठिपके पडतात, पाने आकसतात. अडॉल्फ मायर यांनी १८८६ साली त्याचे वर्णन केले. रशियात इव्हानोव्हस्की यांनी १८९२ मध्ये आणि हॉलंडमध्ये बायरिंक यांनी १८९८ मध्ये दाखविले की जिवाणू अडवणाऱ्या गाळणीतूनही हा रोग पार होतो. माणसाला झालेली विषाणूची ही पहिली ओळख. १९३५ साली वेंडेल स्टॅन्ली यांनी या विषाणूचे स्फटिक मिळवले आणि १९४६ च्या नोबेल पारितोषिकात त्यांना वाटा मिळाला.

हा विषाणू वाळलेल्या तंबाखूतही कित्येक वर्षे टिकून राहतो. सिगारेटच्या पेटत्या टोकाची उष्णता त्याला सोसत नाही, म्हणून धुरातून तो पसरत नाही. पण तंबाखू हाताळलेल्या बोटांना तो लागतो आणि त्याच बोटांनी टोमॅटोचा शेंडा खुडला, मिरचीचे रोप लावले, पिटुनियाची फुले तोडली की जखमेतून आत शिरतो. त्यावर औषध नाही. रोगट रोप उपटून टाकणे हाच उपाय. म्हणून रोपवाटिकांत कामगारांना तंबाखू वापरू देत नाहीत आणि रोपांना हात लावण्यापूर्वी साबणाने हात धुवायला सांगतात. विडी ओढणाऱ्याने, तंबाखू मळणाऱ्याने आणि विड्या वळणाऱ्यानेही परसातल्या मिरचीला हात लावण्याआधी एवढे अवश्य करावे.

झाड आपल्यासाठी धूर पिऊन टाकते काय?

अलीकडे एक उलटा समज पसरला आहे. घरात झाडे ठेवली की ती हवा शुद्ध करतात, मग धूम्रपान केले तरी बिघडत नाही! याचे मूळ १९८९ सालच्या एका अमेरिकी अहवालात आहे. अवकाशयानातील हवा शुद्ध कशी ठेवावी याचा विचार करताना नासा या संस्थेने बंद पेटीत झाडे ठेवून पाहिले. पेटीतील बेंझीन, फॉर्माल्डिहाइड यांचे प्रमाण घटले. प्रयोग खरा होता, पण तो पुन्हा बरणीतलाच. अमेरिकेतील ड्रेक्सेल विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१९ साली अशा अनेक प्रयोगांचे हिशेब तपासले. साध्या वायुवीजनाने हवा जेवढी शुद्ध होते, तेवढी झाडांकडून व्हायची तर दर चौरस मीटर जमिनीमागे १० ते १,००० झाडे लागतील, असे त्यांनी दाखवले. एवढी झाडे ठेवली तर घरात माणसांना जागा उरणार नाही! खिडकी उघडणे हे मनीप्लँटपेक्षा कितीतरी अधिक गुणकारी आहे.

खरा प्रश्न

तेव्हा मूळ प्रश्नाचे उत्तर असे : सिगारेटचा धूर घरातल्या झाडाला अपायकारक आहे, पण थोडा आणि सावकाश. कोवळ्या रोपांना व फुलांना अधिक, चिवट झाडांना कमी. थोटके आणि तंबाखूचे हात त्याहून वाईट. पाने पुसावीत, खिडकी उघडी ठेवावी, कुंडीत थोटूक टाकू नये, हात धुवावेत.

परंतु येथेच थांबणे योग्य होणार नाही. ज्या खोलीत झाड आहे, त्याच खोलीत माणसेही असतात. जपानमध्ये ताकेशी हिरायामा यांनी स्वतः धूम्रपान न करणाऱ्या ९१,५४० विवाहित स्त्रियांची माहिती चौदा वर्षे ठेवली. ज्यांचे पती भरपूर सिगारेट ओढत, त्या स्त्रियांना फुप्फुसाच्या कर्करोगाने मृत्यू येण्याचे प्रमाण सुमारे दुप्पट आढळले. हे निष्कर्ष १९८१ साली प्रसिद्ध झाले. दुसऱ्याच्या धुराने जगात दरवर्षी दहा लाखांहून अधिक माणसे दगावतात, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. आपल्या देशात २ ऑक्टोबर २००८ पासून सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानाला बंदी आहे. महाविद्यालय, एस.टी., कार्यालय येथे कायदा आपले रक्षण करतो. घराच्या उंबरठ्याच्या आत मात्र तो येत नाही. तिथे कोणी कोणाला "बाहेर जाऊन ओढा" म्हणायचे, हे घरातल्या मानपानावर ठरते. आजोबांना सून सांगू शकत नाही, वडिलांना मुलगी सांगू शकत नाही.

झाडाचे पान पिवळे पडले की सगळ्यांना दिसते आणि कोणीतरी कुंडी उचलून खिडकीपाशी नेते. पाळण्यातल्या मुलाची छाती आतून कशी होत आहे ते दिसत नाही. चुलीच्या, उदबत्तीच्या आणि विडीच्या धुरात दिवसभर वावरणाऱ्या बाईचा खोकला "हवा बदलली" म्हणून सोडून दिला जातो. झाडाला निकोटीन सोसते, कारण त्याला मज्जासंस्था नाही. ही सवलत घरातल्या माणसांना नाही. म्हणून धुराने झाडाला काय होते असे ज्या घरात कोणी विचारील, त्या घरात दुसरा प्रश्नही लगेच विचारला जावा, आणि तो विचारण्याचे धाडस शिकलेल्या मुलामुलींनी करावे. झाड दुसऱ्या खोलीत नेण्यापेक्षा पेटलेली विडी अंगणात नेणे सोपे आहे.